तेरा हवे होते

जुन्या पद्धतीचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स नव्या लोकांना शिकवायचं असेल, तर आधी त्यांच्या हातातलं नियमांचं पुस्तक काढून घ्यावं. गंमत म्हणून सांगत नाहीये. पुस्तक हातात असलं की माणूस त्यात आपल्याला काय काय करता येतं याची यादी शोधत बसतो, आणि या खेळाची खरी मजा यादी संपल्यावर सुरू होते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक खेळ चालवतो, त्याला डीएम म्हणतात, म्हणजे डन्जन मास्टर. भुयारात काय दडलंय ते फक्त त्याला माहीत. बाकीचे एकेक पात्र घेतात. डीएम समोर काय दिसतंय ते सांगतो, खेळणारे आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथे निकाल उघड नसेल तिथे फासे टाकायचे. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात, तोच हा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला आणि १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून तो विक्रीला आला. पहिली छपाई हजार प्रतींची. पुढे खेळ बदलत गेला, पात्रं दणकट होत गेली. ज्यांना जुनीच चव हवी होती त्यांनी २००० साली आलेल्या खुल्या परवान्याचा आधार घेऊन जुने नियम नव्याने लिहून काढले. त्यातलं 'बेसिक फँटसी' आजही फुकट डाउनलोड करता येतं. मी वापरते ते टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेलं १९८१चं बेसिक. एकूण ६४ पानं.

आमचा अड्डा सदाशिव पेठेत, मावशीच्या हॉलमध्ये, दर रविवारी दुपारी. मावशी आधी फक्त चहा देणार होती. दुसऱ्या रविवारी ती ट्रे ठेवून उभीच राहिली, आणि तिसऱ्या रविवारी तिने चष्मा पुसून सांगितलं, मलाही एक कागद दे. तिच्याशिवाय मावसभाऊ, त्याची कॉलेजमधली मैत्रीण, आणि वरच्या खोलीत कॉट बेसिसवर राहणारा परभणीचा एक मुलगा. तो एमपीएससी करतो. तिसरा प्रयत्न. आदल्या वर्षी पूर्व परीक्षा दीड मार्काने गेलेली. पहिल्या दिवशी त्याने मला दोन प्रश्न विचारले. "ताई, इथे काय करणं अपेक्षित आहे?" आणि "निगेटिव्ह मार्किंग आहे का?"

दुसऱ्याचं उत्तर मी हो असं दिलं.

या नियमांत पात्र घडवायचं म्हणजे तीन फासे टाकायचे, जी बेरीज येईल ती लिहायची, असं सहा वेळा, आणि तेही आलेल्या क्रमाने. ताकद सात आली तर सात. चोराचा जीव चार बाजूंच्या एका फाशावर ठरतो. एक ते चार. शून्य झालं की संपलं. मावशीने पुजारीण घेतली आणि पहिल्या पातळीला तिला एकही मंत्र येत नाही हे कळल्यावर विचारलं, "मग पुजारीण कशाची?" परभणीच्या मुलाने चोर घेतला, नाव ठेवलं गण्या. जीव तीन.

एवढ्या किरकोळ जिवाच्या माणसांनी भुयारात जायचंच का? सोन्यासाठी. जुन्या नियमांत बाहेर आणलेल्या एका मोहरेला एक अनुभवगुण मिळतो. गॉब्लिन मारला तर पाच, आणि तेही सगळ्यांत वाटून. चोराला दुसरी पातळी गाठायला १,२०० गुण लागतात. हिशेब केला की लक्षात येतं, लढाई हा तोट्याचा धंदा आहे. माझ्या मावसभावाला, ज्याने कॉम्प्युटरवर आजवर काही हजार गॉब्लिन कापले असतील, हे पचायला दोन रविवार लागले. मावशीला पाच मिनिटं. पहिल्यांदा चार गॉब्लिन समोर आले तेव्हा ती म्हणाली, "अरे, आधी विचारा तरी त्यांना काय हवंय." यासाठी नियम आहे: दोन फासे टाकायचे, दोन आले तर थेट हल्ला, बारा आले तर घट्ट मैत्री, मधलं सगळं मधलं. दहा आले. पुढची वीस मिनिटं मावशीने मंडईत कोथिंबीर घ्यावी तशी घासाघीस केली आणि तीन दिवसांच्या शिधेच्या बदल्यात एक किल्ली मिळवली.

खेळ मराठीतूनच चालतो. आधी मी इंग्रजीत वर्णन करून पाहिलं होतं, तेव्हा परभणीचा मुलगा बोलायचाच नाही, मान हलवायचा. 'दहा फूट रुंद बोळ, पुढे डावीकडे पाण्याचं टाकं' म्हटल्यावर सगळं सुटलं. सगळ्यांनी कुठला ना कुठला किल्ला चढलेला, त्यामुळे टाकं म्हणजे काय, त्यातलं पाणी कसं दिसतं, कडेला शेवाळ कसं असतं, हे मला सांगावं लागत नाही. उलट तेच मला सांगतात.

एकदा बोळात पुढे खड्डा असावा अशी त्यांना शंका आली. मावसभावाने फासा उचलला. मावशी म्हणाली, "फासा कशाला? फरशीवर पाणी ओत, कुठे मुरतंय बघ." आमच्या सोसायटीत खालच्या घराच्या छताला ओल आली तेव्हा प्लंबरने हेच केलं होतं. मी फासा टाकायला लावला नाही. पाणी एका सरळ रेषेत गायब झालं, असं सांगितलं. पाणी ओतायचा नियम पुस्तकात नाही, आणि नाही म्हणूनच तिथे डीएम लागतो.

परभणीचा मुलगा नकाशा काढायचा. मी तोंडी सांगायचे, तो ग्राफ पेपरवर एका चौकोनाला दहा फूट धरून उतरवायचा. अक्षर मोत्यासारखं. मशालींचा हिशेबही त्याच्याकडेच. एक मशाल सहा पाळ्या चालते, पाळी दहा मिनिटांची. दर दोन पाळ्यांनी मी एक फासा टाकते आणि एक आला तर अंधारातून कोणीतरी येतं. त्यामुळे वेळ हीच सगळ्यात महागडी गोष्ट. तीन-चार रविवारांत त्याचे प्रश्न बदलले. 'काय अपेक्षित आहे' गेलं आणि 'कुबट वास कुठल्या बाजूने येतोय' आलं.

मग ती पेटी आली.

शेवटची मशाल, एक पाळी उरलेली. पेटीवर सगळीकडे गंज, पण कुलपाच्या भोकाची कड चकचकीत आणि तेलकट. हे मी स्वच्छ सांगितलं. गण्याने सापळा शोधून पाहिला. पहिल्या पातळीच्या चोराला तो शंभरात दहा वेळा सापडतो, नाही सापडला. पेटी उचलायला जड. मैत्रीण म्हणाली सोडून देऊ. त्याने नकाशाकडे पाहिलं, मशालीचा हिशेब पाहिला आणि म्हणाला, किल्ली आहे, उघडतो. मी विचारलं, "कुलपाची कड पाहिलीस, तरी उघडतोस?" असं मी नेहमीच विचारते. तो हो म्हणाला.

कुलपात विषारी सुई होती. वाचायला वीस बाजूंच्या फाशावर तेरा हवे होते. फासे आम्ही सगळ्यांसमोर टाकतो. अकरा आले.

मावसभाऊ हसत म्हणाला, "ताई, दोनच कमी आहेत. ग्रेस दे ना!" आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. कोणी काही बोलेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले, फक्त तो फाशाकडे बघत होता.

मी म्हणाले, "गण्या मेला."

त्याने गण्याच्या नावावर पट्टीने आखावी तशी एक रेघ मारली, कागदाची घडी केली, अभ्यास आहे म्हणाला आणि वर गेला.

कप विसळताना मावशीने मला धुतलं. दोन आकड्यांनी काय बिघडलं असतं? खेळच आहे ना? ते पोर आधीच किती... वगैरे. मी तिला म्हटलं, गॉब्लिनांकडून किल्ली तू मिळवलीस की मी दिली? ती म्हणाली, मी मिळवली. तर आज मी अकराचे तेरा केले असते, तर ती किल्लीही मीच दिलेली ठरली असती. पाणी मुरलं तेही मीच मुरवलं, कारण मावशी नाराज व्हायला नको. मग तिथे कोणी काही केलेलंच उरत नाही. मी गोष्ट सांगतेय आणि बाकीचे माना डोलावतायत, एवढंच.

तिला हे पटलं नाही. पण मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते मी तिला नीट सांगू शकले नाही, ते इथे सांगते. कटऑफ आणि ही सुई एक नाहीत. कटऑफ तुम्ही पेपर देऊन आल्यावर ठरतो. किती हवे होते ते नंतर कळतं आणि ते कमी का पडले ते कधीच कळत नाही. गण्याला कुलपाची कड आधी दिसली होती. धोका आहे हे माहीत होतं, मशाल किती उरली हे माहीत होतं, परत फिरायचा रस्ता त्याच्याच हातात काढलेला होता. त्याने तोलून पाहिलं आणि उघडलं. नव्या खेळाडूचं डीएमने देणं लागतं ते हेच: दिसण्यासारखं सगळं दाखवायचं, आणि मग फासा पडू द्यायचा. दया दाखवली असती तर तो निर्णय मी त्याच्याकडून काढून घेतला असता. त्याच्या वाट्याला स्वतःचे असे निर्णय तसेही फार येत नाहीत.

हे सगळं मला ठाम वाटत होतं, तरी पुढच्या रविवारी तो आला नाही तेव्हा मी जिन्याकडे तीनदा पाहिलं. त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही. बाकीच्यांचे हाल झाले, कारण नकाशा त्याच्याबरोबर वर गेला होता. दोन्ही वेळा पेटीची खोली सापडलीच नाही. दुसऱ्या खेपेला मावसभावाचा जादूगार त्याच त्या टाक्यापाशी तीनदा पोचला आणि एका मोठ्या उंदराने त्याला संपवलं. मावसभाऊ ग्रेस मागायला गेला नाही.

तिसऱ्या रविवारी तो खाली आला. हातात नकाशा, आणि वर खोलीत बसून टाकलेल्या फाशांचा कागद. मी म्हटलं, फासे सगळ्यांसमोर टाकायचे. त्याने मुकाट्याने पुन्हा टाकले आणि आकडे आधीपेक्षा वाईट आले. बुटका योद्धा, तब्येत बरी, बाकी सगळं यथातथाच. मग त्याने बसायच्या आधीच विचारलं, "गण्याचं प्रेत तिथेच आहे ना? त्याच्याकडे दोर होता आणि तेलाच्या दोन बुधल्या. आणि पेटी उघडली होती का बंद?"

उघडली होती. आतलं मधल्या दोन आठवड्यांत कोणी नेलं की नाही, ते मी फासा टाकून ठरवलं होतं आणि सांगणार नव्हते.

मावशी म्हणाली, बारा मशाली घेऊ. तो म्हणाला, "काकू, सहा. जायला दोन पाळ्या, यायला दोन. बाकीच्या वजनात सोनं येईल." मग त्याने टेबलावर नकाशा पसरला, कडेला चहाचे कप ठेवले आणि टाक्याशेजारच्या बोळावर पेन्सिल टेकवली.