मूठ आणि टोक

हिंगोलीत धनुष्य सगळ्यांना दिसतं ते दसऱ्याला. दीडशे वर्षांहून जुना हा उत्सव. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडून माणसं गाड्या भरभरून येतात, रामलीला मैदानात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि रामाच्या हातातलं धनुष्य पार शेवटच्या रांगेत बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरालाही दिसतं. सोनेरी कागद, चमकी, दोन्ही टोकांना गोंडे. या धनुष्यातून बाण किती लांब जातो हे कुणी विचारत नाही, आणि विचारायचं कारणही नाही. लांबून दिसणं हेच त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं.

घोळ होतो तो पुढे. दिसण्यासाठीच केलेल्या वस्तू बघून बघून जो डोळा तयार होतो, तोच डोळा घेऊन आपण कामाची वस्तू निवडायला जातो. हस्तकलेच्या प्रदर्शनांतून हल्ली धनुष्यंही विकायला असतात. व्हार्निश मारलेली, टोकांना पिसं बांधलेली, वर वारली चित्रं काढलेली. घेणारा ते हातात धरून फोटो काढतो आणि दिवाणखान्यातल्या कुठल्या भिंतीवर शोभेल याचा विचार करतो. दोरी ओढून बघणारा विरळा. विकणाराही ओढू देत नाही. त्याला माहीत असतं.

धनुष्य निवडणं म्हणजे काय हे मला कळलं ते आमच्या जिल्ह्याबाहेर. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी नंदुरबारकडे, अक्राणी तालुक्यात शिक्षक म्हणून काढली. भिल्ल आणि पावरा वस्तीचा तो सगळा सातपुडा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा, म्हणजे शिकार बंद होऊन जमाना लोटला होता. पण तीरकामठा घराघरात होता आणि तो पारखायची रीतही जिवंत होती. धनुष्य बांबूचं, आणि दोरीसुद्धा बहुधा बांबूच्याच सालीची, चिरून तासून काढलेली. मला आधी हे गरिबीचं लक्षण वाटलं होतं. पुढे कौटिल्याचं अर्थशास्त्र वाचताना दिसलं, की धनुष्याच्या दोरीला चालणाऱ्या वस्तूंत त्याने मोरवेल, रुई, ताग आणि स्नायू यांच्याबरोबर बांबूही मोजला आहे. आमच्याकडे कायाधू नदीच्या काठावर बांधाबांधाला माजलेली रुई राजाच्या शस्त्रागाराच्या यादीत बसली आहे, हे वाचून मला आपल्या तणांविषयीही थोडा आदर वाटायला लागला.

शेजारचे एक पावरा म्हातारे धनुष्य कसं बघत, ते मी पुष्कळदा पाहिलं. पाठीवरची चकाकी ते बघतच नसत. आधी टोकाचा काप बघत. बांबूची खरी ताकद वरच्या सालीला लागून असते, तंतू तिथेच दाट असतात. पेरं सपाट दिसावीत, अंग गुळगुळीत व्हावं म्हणून कुणी ती साल तासली असेल, तर धनुष्य दिसतं सुरेख आणि मोडतंही लवकर. मग दोरी चढवून हातभर लांब धरायचं आणि वरचा भाग आणि खालचा भाग सारखा वाकतो का ते पाहायचं. मग सावकाश ओढायचं. शेवटी दोरी नुसती सोडून कान द्यायचा. धनुष्य फार झणझणलं तर ते मान हलवत. जी ताकद बाणात जायला हवी होती ती धनुष्यातच राहिली, तिचा तो आवाज. शिकाऱ्याला तो दोनदा महाग पडतो, कारण बाण मंद जातो आणि जनावर आधी सावध होतं.

"गुरुजी, हे भिंतीला पाहिजे का हाताला?" मी एक धनुष्य न्यायचं म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं. चेष्टा नव्हती, सरळ चौकशी होती. दोन्हींची निवड वेगळी असते, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

भिंतीवरच्या धनुष्याची एक गंमत आहे. ते कायम दोरी चढवलेलं असतं, कारण दोरी उतरवली की धनुष्य काठीसारखं दिसतं. पण रात्रंदिवस ताणात राहिलेला बांबू हळूहळू त्याच वाकात बसतो आणि उसळायचं विसरतो. कामाचं धनुष्य काम नसताना सैल करून ठेवतात. म्हणजे चांगलं जपलेलं धनुष्य आयुष्याचा बराचसा काळ नुसती काठी म्हणून कोपऱ्यात काढतं, आणि जे सदैव धनुष्यासारखं दिसतं ते धनुष्य उरत नाही.

मग सजावट करूच नये का? सातपुड्यातली माणसं असं अजिबात मानत नाहीत. काठी गावच्या राजवाडी होळीला जी शस्त्रं मिरवतात ती सजवलेली असतात, आणि ती सजवण्यात हौसेला तोटा नसतो. प्रश्न सजावट करावी की नाही हा नाही, कुठे करावी हा आहे. बाण सुटतो तेव्हा मूठ जागची हलत नाही. टोकं मात्र सगळ्यांत जास्त अंतर सगळ्यांत वेगाने कापतात. म्हणून टोकाला बांधलेला प्रत्येक गोंडा, प्रत्येक पितळी टोपण धनुष्याला स्वतःबरोबर पळवत न्यावं लागतं, आणि तेवढी ताकद बाणाच्या वाट्यातून वजा होते. मुठीवर मात्र लाल दोरा गुंडाळा, कवड्या लावा, नक्षी कोरा, बाणाला त्याचा पत्ताही लागत नाही. हलणारा भाग हलका ठेवायचा आणि हौस स्थिर भागावर भागवायची. कारागिरीचा इतका साधा आणि इतका उदार नियम मला दुसरा माहीत नाही. यात सौंदर्याला मनाई नाही, फक्त त्याची जागा ठरलेली आहे.

राजेरजवाड्यांनी हा नियम नेहमी पाळला नाही. मुघल काळात आपल्याकडे पोलादी धनुष्यं घडत. त्यांतल्या काहींवर टोकापासून टोकापर्यंत सोन्याची कोफ्तगिरी नक्षी असे. संग्रहालयाच्या काचेआड ती अजूनही डोळे दिपवतात. शिंग, लाकूड आणि स्नायू चिकटवून केलेल्या धनुष्यापुढे पोलाद जड आणि सुस्त. पण त्यालाही एक गुण होता. शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडलं तरी त्याला कीड लागत नाही आणि दमट हवेत ते उकलत नाही. शिंगाचं धनुष्य कोरड्या मुलखात अद्वितीय, पण जोडलेलं सरसाने. आपल्या पावसाळ्यात तो सरस ओलावा धरतो आणि धनुष्य ढिलं पडतं. दिसायला पोलाद, वेगाला शिंग, आणि चार महिने चिखल तुडवायचा असेल तर मुकाट बांबू.

म्हणजे 'कामगिरी' हा शब्दही आपण समजतो तितका पक्का नाही. इ.स.पू. 326 मध्ये झेलमच्या काठच्या लढाईत पोरस राजाच्या धनुर्धरांजवळ माणसाच्या उंचीची धनुष्यं होती. खालचं टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ती ओढत. बाण असा, की ढाल-चिलखताने अडू नये. पण त्या दिवशी पाऊस झालेला, जमीन निसरडी, टोक टेकेना. कर्टियस हा रोमन इतिहासकार लिहितो, की ती धनुष्यं निकामी ठरली ती अशाने. धनुष्य तेच होतं, माणसंही तीच होती. फक्त पायाखालची माती बदलली होती.

आणखी एक उदाहरण पार दूरचं. कॅलिफोर्नियात 1911 साली याही जमातीचा शेवटचा माणूस लोकांसमोर आला. त्याला इशी म्हणत. तिथले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. पुढे 1923 साली त्यांनी देशोदेशींची धनुष्यं ओढून, मोजून, बाण किती लांब जातात ते नोंदवून एक अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयांतल्या धनुष्यांना कुणीतरी अखेर दोरी ओढून प्रश्न विचारला, हे मला त्यातलं मोठं वाटतं. याच पोपनी लिहून ठेवलं आहे, की लांबच्या ठरावीक लक्ष्यावर इशी काही विशेष नव्हता. पण दबकत जवळ जाऊन, उकिडवं बसून, दहा-वीस पावलांवरचं छोटं जनावर टिपायचं म्हटलं की तो तरबेज होता. लांबवर बाण फेकण्याच्या स्पर्धेत त्याचं आखूड धनुष्य मागे पडलं असतं. झुडपात मात्र तेच हवं.

म्हणून रूपाला भुलू नका असं सांगून थांबता येत नाही. रूपाला न भुलणारा माणूस आकड्याला भुलतो. पन्नास पौंड ओढीचं धनुष्य म्हणजे चाळीसपेक्षा भारी, असा त्याचा हिशोब. पन्नास पौंड ओढताना हात थरथरत असेल तर ते पन्नास पौंड ही सुद्धा सजावटच, फक्त डोळ्यांऐवजी फुशारकीसाठी केलेली.

आमच्या भागात हे रोज बाजारात दिसतं. वसमतला, हिंगोलीला हळदीचे ढीग लागतात. शिजवून, वाळवून, ढोलात फिरवून चकचकीत केलेलं कांडं आणि पॉलिश न केलेलं कांडं शेजारी ठेवलं तर भाव कुणाला मिळतो हे सांगायला नको. रंग, लांबी, चकाकी यांवर बोली चढते. हळदीत कुरकुमीन किती, हे डोळ्याला दिसत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. इथे शेतकऱ्याला किंवा आडत्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ढिगापुढे उभं राहून काही क्षणांत निर्णय करायचा तर डोळ्यापलीकडे माणसाजवळ असतं काय?

मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. जो स्वतः बांबू तोडून धनुष्य करायचा आणि त्यानेच शिकारीला जायचा, त्याच्यापुढे रूप की काम हा प्रश्नच नव्हता. निकाल त्याच संध्याकाळी चुलीपाशी लागत असे. भरीव मानवेल बांबू घेतला की पोकळ कटांग, कोवळा तोडला की निबर, हे भाकरीबरोबर कालवण आहे की नाही यावरून कळत असे. त्यामुळे त्याचा डोळाही तसाच घडला. सारखा वाक, मुठीशी भरलेलं आणि टोकाकडे निमुळतं होत गेलेलं अंग, हेच त्याला देखणं वाटे. करणारा वेगळा, विकणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा झाला, तशी रूप आणि काम यांची फारकत झाली. वापरणारा उरलाच नाही तेव्हा तर रूपाला रान मोकळं मिळालं.

शिकार बंद झाली ते योग्यच झालं. रोही आणि रानडुकरांनी सोयाबीनची धूळधाण केली की आमचे शेतकरी चिडतात, आणि ती चीड खोटी नाही. तरीही तीरकामठे पुन्हा रानात निघावेत असं मी म्हणणार नाही. पण शिकारीबरोबर एक निकाल देणारा गेला, ही गोष्ट खरी. धनुष्याच्या बाबतीत त्याची जागा खेळाने घेतली. इंडियन राउंड या प्रकारात आजही देशी बांबूच्या धनुष्याने नेम धरावा लागतो. नेमकाठी नाही, तोल सांभाळणाऱ्या दांड्या नाहीत. राजस्थानातल्या अहारी जमातीचा लिंबाराम असाच बांबूच्या धनुष्यावर वाढला आणि 1987 सालच्या निवड चाचणीतून पुढे भारतीय संघापर्यंत पोहोचला. निवडणाऱ्यांनी त्याचं धनुष्य बघितलं असतं तर तो घरीच राहिला असता. त्यांनी बाण कुठे लागतो ते बघितलं.

माझी पुतणी तिरंदाजी शिकते. तिच्यासाठी बांबूचं धनुष्य घ्यायचं ठरलं तेव्हा तिने लाल-पिवळ्या पट्ट्यांचं एक लगेच उचललं. "काका, हे किती भारी दिसतंय!" तिच्या प्रशिक्षकांनी ते खाली ठेवायला लावलं नाही. त्याच्याबरोबर आणखी दोन दिली, तिन्ही धनुष्यांनी बाण मारायला सांगितलं आणि प्रत्येकाचा लक्ष्याचा कागद वेगळा काढून ठेवला. कागद शेजारी शेजारी मांडल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सगळ्यांत साध्या दिसणाऱ्या धनुष्याला हात लावला. ते तिच्या हाताला सगळ्यांत हलकं होतं, आणि त्याचे बाण एकमेकांजवळ लागले होते. कुणी तिला उपदेश केला नाही. तिला निकाल दाखवला, एवढंच.

आपल्या आयुष्यातल्या बऱ्याचशा निवडी मात्र कागद न लावताच होतात. शाळा इमारतीवरून, बियाणं पिशवीवरच्या चित्रावरून, पुढारी बॅनरवरून. निकाल लागतो तेव्हा हंगाम उलटलेला असतो, कधी पाच वर्षं, कधी पिढी. अशा वेळी 'रूपावर जाऊ नका' हा उपदेश फुकट आहे, कारण माणसाला दुसरं काही दिसतच नसतं. त्यापेक्षा विकत घेण्याआधी दोरी ओढू द्या म्हणावं, ओढू देत नसतील तर तेही एक उत्तर समजावं, आणि बाण लागतो कुठे ते बघायला एक कागद स्वतः न्यावा. हौसेला त्यानंतर कुणाची हरकत नाही. पुतणीने मुठीला लाल दोरा गुंडाळून घेतला आहे. प्रशिक्षकांनी तो पाहिला, टोकं तपासली, आणि काही म्हटलं नाही.