आवतण

वैशाखात नागपूरहून सेवाग्रामकडे निघालेली गाडी बुटीबोरी ओलांडते आणि दोन्ही अंगांना काळी, भेगाळलेली शेतं लागतात. पऱ्हाटी उपटून झालेली, कापूस विकून झालेला. सिंदी (रेल्वे)च्या आसपास लग्नं निघतात ती या दिवसांत.

कोकणातून गेलेल्या माझ्या डोळ्यांत आधी भरला तो मांडव. बैलगाडीतून जांभळीचे डहाळे येतात, गल्लीतली माणसं ते बांबूंवर पसरतात. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि आत ओल्या पानांची हिरवी, तुरट वासाची सावली. मी तिच्यात शिरलो तर कोण, कुठला, कोणाकडचा, हे कोणी विचारलं नाही. "बसा ना जी, जेवून जा," एवढंच. आपल्याकडच्या केळवणासारखं इथे गडगनेर असतं. नवरी शेजारपाजारच्या घरी जेवते, आणि वाढणाऱ्या बायकांचे डोळे मधेच भरून येतात. नवरदेव गावात आला की आधी मारुतीच्या देवळात उतरतो. तिथून बाशिंग बांधून, वाजतगाजत मांडवात.

तेच बाशिंग मी पुढे पोळ्याला बैलाच्या कपाळावर पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्याच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, उद्या जेवायला या म्हणून त्याच्या कानाशी आवतण देतात. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली उभं करतात, घरी नेऊन ओवाळतात, पुरणपोळी भरवतात. वर्षभर मान जोखडाखाली देणाऱ्याला एक दिवस नवरदेवाचा मान! त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून तान्हा पोळा भरवतात. सिंदीचा तान्हा पोळा तर विदर्भभर नावाजलेला. मुक्या जनावराला इतक्या मायेनं जेवायला बोलावणारी रीत मला फार मोठी वाटते.

आणि म्हणूनच एक गोष्ट सलते. बैलाला आवतण देणाऱ्या आपल्या समाजानं पिढ्यान् पिढ्या काही माणसांना मांडवाबाहेर ठेवलं.

याच लोहमार्गावर पुढे सेवाग्राम. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा यांची मुलगी मनोरमा आणि दलित तरुण अर्जुनराव यांचं लग्न आश्रमात लावायचं गांधीजींनी कबूल केलं होतं. शपथेत 'ईश्वरा'च्या जागी 'सत्य' म्हणायलाही ते राजी झाले होते. लग्नाआधीच त्यांची हत्या झाली. तरीही १३ मार्च १९४८ रोजी ते लग्न सेवाग्रामला लागलंच. सिंदीच्या जांभळीच्या मांडवाइतकीच मला या लग्नाची ओढ वाटते, कारण मांडवाची सावली कुठवर जायला हवी ते तिथे दिसतं.

तुमच्या घरी लग्न निघालं, तर ज्या उंबऱ्यावर आजवर तुमच्या घरचं कोणी आवतण घेऊन गेलं नाही, तिथे आधी जा. पत्रिका पाठवू नका, स्वतः जा.