अडलेला नट

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे आपली वडीलमंडळी म्हणत. आपल्यापैकी पुष्कळांचे वडील-आजे मुंबईत परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपांत, गोदीत किंवा गिरण्यांत कामाला होते. इस्राएलात आल्यावरही त्यांचे हात स्वस्थ बसले नाहीत. शेजाऱ्याची गाडी खडखडू लागली, की इमारतीच्या आवारात चार डोकी तिच्याभोवती जमत. आजही अशदोदसारख्या समुद्रकाठच्या गावात आम्ही काही मंडळी जुनी गाडी वार्षिक टेस्टला नेण्याआधी तिचे शॉक-अॅब्सॉर्बर आणि बॉल-जॉइंट सोडवून पाहतो. खाऱ्या हवेने गाडीखालचे नट असे गंजतात, की पाना घासतो पण नट हलत नाही. तेव्हा युक्ती काढावी लागते.

पहिली युक्ती धीराची. बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशाने साफ करावेत, गंज सोडवणारे तेल घालावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. नटाचे कोपरे झिजून गोल झाले असतील, तर एक माप लहान असा जुना गोटी पाना हातोडीने ठोकून त्यावर बसवावा. जागा अपुरी असेल, तर एका पान्याच्या तोंडात दुसरा पाना अडकवून दांडा लांब करावा.

शॉक-अॅब्सॉर्बरच्या वरचा नट मोठा खट्याळ. तो फिरवू लागले, की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरतो. पकडीने दांडा धरणारे पुष्कळ आहेत; पण त्यावर ओरखडा पडला, की आतले सील फाटते आणि तेल गळते. आमच्यातले एक काका जुना स्पार्क-प्लगचा पाना वापरतात. डोक्याला बाहेरून सहा कडा असलेला, नटाच्या मापाचा पाना घ्यायचा. बाहेरून तो साध्या पान्याने फिरवायचा आणि वरच्या भोकातून एलन-चावी घालून दांडा स्थिर धरायचा. मात्र शॉक स्प्रिंगच्या आत बसवलेला असेल, तर स्प्रिंग तिच्या खास शिकंज्यात दाबल्याशिवाय हा नट मुळीच सोडू नये. तिथे तार किंवा दोरी बांधून भागवणे म्हणजे मरण ओढवून घेणे.

बॉल-जॉइंटची निमुळती खीळ भोकात रुतून बसते. नट थोडा सैल करून आट्यांवरच ठेवावा, भोकाच्या एका बाजूला जड हातोडी टेकवावी आणि दुसऱ्या बाजूने ठोकावे. खीळ आपोआप सुटते, आणि नट जागेवर असल्याने काही अंगावर येत नाही. आच द्यायची झाली तर रबरी बुश, ब्रेकची नळी आणि शॉक यांच्या जवळपास देऊ नये. गाडीखाली शिरण्याआधी ती लोखंडी स्टँडवर टेकवावी; नुसत्या जॅकवर किंवा विटांवर विसंबू नये.

आता महत्त्वाची गोष्ट. जुगाड सोडवताना चालतो, आवळताना नाही. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला, तर ५ किलोग्रॅम-मीटर इतका पीळ पडतो. तोच जोर एक मीटरच्या पाईपने दिला, तर २० पडतो, म्हणजे चौपट! अडलेला नट सोडवायला हा चौपट जोर देवासारखा धावून येतो. पण त्याच पाईपने नवा बोल्ट आवळला, तर तो ताणला जातो. बाहेरून काही दिसत नाही आणि पुढे भर रस्त्यात तो तुटतो. म्हणून आवळताना टॉर्क-पाना हवाच. नायलॉनचे कडे असलेला नट दुसऱ्यांदा वापरू नये. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश पिळून लवकर फाटतात.

आपल्या वडीलधाऱ्यांची ही हस्तकला मुलांना अवश्य शिकवावी. पण त्या गाडीत मागच्या बाकावर आपलीच नातवंडे बसणार आहेत. तेव्हा वाचकहो, काम आटोपल्यावर गाडी परवानाधारक मुसाखमध्ये नेऊन बोल्ट आणि चाकांची अलाइनमेंट तपासून घ्या. त्यात कमीपणा नाही. वर्कशॉपातही एकाचे काम दुसरा तपासतच असे.