श्वास कुठे अडतो

धाकटा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची गिटार कपाटावर धूळ खात पडली. मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांना कविता चालीवर म्हणून दाखवायला काहीतरी वाद्य हवं, म्हणून मागच्या पावसाळ्यात ती खाली काढली. मोबाईलवर बघून चार-पाच कॉर्ड शिकले. नुसतं गायले तर ओळ पुरी होई. गिटार हातात घेतली की अर्ध्यातच दम संपे. वय झालं, असं मी धरून टाकलं. शेजारच्या खालांनी "आता या वयात गिटार?" असं विचारलंच. उत्तर द्यायलाही दम नव्हता.

अब्बा माझ्याकडेच असतात, मिरजेत. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, तेही वरातीत चालत. मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तिथे रात्रभर बसून ते गवयांचे श्वास मोजायचे. आता त्यांचीच फुप्फुसं थकली आहेत. न्हाणीघरापर्यंत गेले तरी भिंतीला हात टेकून थांबतात. क्लॅरिनेटची पेटी कुणी उघडायची नाही, अशी ताकीद आहे.

एका संध्याकाळी आतून हाक आली, "बेटा, बोटं बदलताना श्वास का धरतेस?"

"मी कुठे धरते?"

"मला इथून ऐकू येतं."

लक्ष दिलं तर खरंच! 'एफ'च्या कॉर्डला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. तिथे माझे दात आवळले जात, खांदे वर चढत आणि श्वास अडे, जड हंडा उचलताना अडतो तसा. शिवाय बोटं बघायला मान खाली, पाठीला बाक, गिटारची कड बरगड्यांखाली रुतलेली. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकतं, पोट पुढे येतं, खालच्या बरगड्या बाजूला फाकतात. मी ती जागाच दाबून बसले होते.

सोफा सोडून बिनहाताच्या खुर्चीत पुढे सरकून बसले. डाव्या पायाखाली स्वयंपाकघरातला पाट घेतला, गिटार डाव्या मांडीवर ठेवली. पोट मोकळं झालं. मग अब्बांचा धडा. आधी गाणं नाही. हात वाजवत राहायचे आणि तोंडाने सावकाश 'स्स्स' सोडायचा. कॉर्ड बदलताना आवाजाला हिसका बसला की चोरी पकडली! माझा नेमका 'एफ'ला तुटायचा. तो सलग झाल्यावर गुणगुणायचं, मग शब्द नुसते बोलायचे, गाणं सगळ्यात शेवटी. श्वास कुठे घ्यायचा ते आधीच ठरवून कवितेत पेन्सिलीने खूण करायची. "आणि गळ्यापर्यंत भरू नको," ते म्हणाले. "काठोकाठ भरलेली घागर हिंदकळते. पुरेल एवढा घे, सोडताना घाई करू नको."

हे सांगणारा माणूस स्वतःचा व्यायाम मात्र करत नव्हता. दवाखान्यात शिकवलं होतं: नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करून घेतला त्याच्या दुप्पट वेळ हळू सोडा. "गरम चहावर फुंकर मारत बसू का दिवसभर?" म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. माझी समजूत, नातवाचे फोन, सगळं वाया. पण माझा 'स्स्स' सुरू असताना एकदा आतून फुंकरीचा आवाज आला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची बाहेर आणून ठेवली.

आता मगरिबनंतर आम्ही दोघं बसतो. मी वीस आकड्यांपर्यंत पोचते, अब्बा सहापर्यंत. कधी आठ, हवा दमट असली तर चारच. आजार बरा होणारा नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण न्हाणीघराच्या वाटेवर थांबले की ते आता घाबरत नाहीत. चंबू करून श्वास सोडतात आणि पुढे निघतात.

परवा त्यांनी पेटी मागितली. झाकण उघडून रीड काढली, ओठांत धरली, तशीच परत ठेवली.

"पार वाळलीय," म्हणाले.

"नवी आणू का?"

"आधी तुझा 'एफ' जमू दे."