फिरंगाणाच्या राजधानीत

युरोपातील पुरातन नगर पाहावयाचे तर पारपत्र, परवाना आणि सामान्य गृहस्थाच्या वर्षभराच्या मिळकतीइतका खर्च यांवाचून इलाज नाही, अशी आमच्या महाविद्यालयातील पुष्कळांची दृढ समजूत होती. आणि ती समजूत उराशी बाळगणाऱ्या आम्हां पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्यांपासून पन्नासेक किलोमीटरांवर, आमच्याच जिल्ह्यात, वेशी, मठ, प्रार्थनामंदिरे आणि कोरीव समाधिशिला यांसह एक पोर्तुगीज नगर उभे होते. तारापूरचा कोट, शिरगावचा किल्ला, केळवे-माहीमचे बुरूज हे सर्व आम्ही बालपणापासून पाहत आलेलो. परंतु ही सारी ज्या सत्तेची ठाणी होती तिची सदर वसईस होती, आणि जुन्या काळी ठाण्याच्या माणसाने दाद मागावयास हुजुरात जावे तसे आपणही एकदा तेथे गेले पाहिजे, हे तारापूरच्या माझ्या मित्राचे म्हणणे सर्वांना एकदम पटले. शनिवार-रविवार गाठून आम्ही निघालो.

बोईसरला गाडीत चढलो तेव्हा डब्यात रात्रपाळी करून परतणारे कारखान्यांतील कामगार माना टाकून झोपले होते. पालघरला आमची उरलेली मंडळी आली, केळवे रोड आणि सफाळे येथे भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायांनी दारे भरून गेली, आणि मग वैतरणेची विस्तीर्ण खाडी आली, जिच्या दोन पुलांच्या मधोमध वाढीव हे गाव पाण्याने वेढलेले आहे. ह्याच खाड्यांनी एके काळी फिरंग्यांचा व्यवहार चालत असे. अशेरी-मनोरच्या रानातील लाकूड जहाजबांधणीस याच मुलखातून जाई, आणि वसईच्या खाणींतला दगड तर गोव्याच्या इमारतींपर्यंत पोचला होता.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534च्या डिसेंबरात तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, आणि तेव्हापासून 1739पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, उत्तर कोकणातील त्यांच्या साऱ्या मुलखाचा, म्हणजे फिरंगाणाचा, कारभार येथून चालला. हा इतिहास पुस्तकात वाचलेला होताच. पण दर्यादरवाजातून आत शिरून बालेकिल्ल्याच्या कमानीसमोर उभे राहिल्यावर त्याला आकार आला. कमानीवर पोर्तुगालच्या राजाचे राजचिन्ह, क्रूस आणि खगोलाच्या वलयांचा तो प्रसिद्ध गोल कोरलेला आहे. जवळपास पाचशे वर्षांचा पाऊस झेलूनही त्या वलयांच्या कडा बोटाला लागतात. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून नौकानयनाच्या बळावर आलेल्या लोकांनी आपल्या विद्येचे चिन्ह परक्या भूमीवर पहिल्याच दरवाजावर कोरावे, यात जसा अहंकार आहे तसे सामर्थ्यही आहे, आणि ते मान्य करण्यात आपला काही उणेपणा नाही असे मला मनापासून वाटले.

सेंट जोसेफचे मंदिर 1546चे. पुढे 1601मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या कारकिर्दीत ते वाढवून बांधले गेले, आणि तशी नोंद दगडावर कोरून ठेवली गेली. छप्पर केव्हाच गेलेले. उंच मनोऱ्यावर झाडोरा माजलेला. तरी गाभाऱ्याच्या कमानीखाली उभे राहिले की मूळ वास्तूची उंची मनात भरते. डोमिनिकनांचे मंदिर आम्ही धावतच पाहिले. मात्र फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात आम्ही दुपारभर थांबलो.

त्या मंदिराच्या फरशीत समाधिशिला बसविलेल्या आहेत. आमच्यातील एकीने गर्सन द कुन्या यांच्या 1876 सालच्या चौल-वसईवरील ग्रंथातून लेखांची टिपणे उतरवून आणली होती. ती गुडघे टेकून ओल्या शेवाळाखालील अक्षरे बोटाने चाचपी, वाळकी पाने बाजूस सारी, आणि एकेक नाव लागले की आनंदाने आम्हांस हाक मारी. पुष्कळ शिलांवरचा मजकूर एकाच साच्याचा: ही जागा अमक्याची आणि त्याच्या वारसांची. आपल्यामागून मुले, नातवंडे, पणतवंडे याच दगडाखाली येऊन विसावतील अशा निश्चिंततेने त्या माणसांनी जागेची सनद करून ठेवली होती, आणि मराठ्यांनी वसई घेतल्यावर एका वैशाखात त्यांचे वारस गलबतांत बसून कायमचे निघून गेले. जेत्याच्या वंशजाने पराभूतांसाठी हळहळावे काय, असा वाद आमच्यात तेथेच झाला. मला ती हळहळ योग्य वाटते. मात्र त्या दोनशे वर्षांत ज्या रयतेची देवळे पाडली गेली तिचे दुःख विसरून ती वाटू नये. आणि ज्या पाथरवटांनी हे दगड घडविले त्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस कोठे आढळले नाही, याची खंत तर अधिकच वाटावी.

जेझुइटांच्या मंदिराचा दर्शनी भाग अजून दिमाखाने उभा आहे. वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया, ज्याचा बाप पोर्तुगीज आणि आई इकडचीच असे सांगतात, तो याच धर्मगुरूंच्या छायेत वाढला, जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाला. 1862मध्ये रोमने त्याला संतपद दिले.

रात्री वसईतल्याच पापडीला मैत्रिणीच्या मावशीकडे मुक्काम झाला. मावशी ख्रिस्ती, वाडी केळीची आणि फुलांची. "बाळांनो, आधी जेवून घ्या, किल्ला कुठे पळून जात नाही," असे म्हणत त्यांनी तव्यावरच्या गरम भाकऱ्या पानात वाढल्या. रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर मिस्सासाठी गेलो. प्रार्थना मराठीत, गायन मराठीत, प्रवचन मराठीत. किल्ल्यातील त्या उघड्या मंदिरांतून दोन शतके लॅटिनचा घोष चालला. राज्य गेले, गलबते गेली, आणि मागे राहिलेल्या भूमिपुत्रांनी धर्म राखून भाषा आपली केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष याच समाजाने मराठीला दिला.

नंतर आम्ही पुन्हा किल्ल्यात जाऊन सेंट सेबॅस्टियन बुरुजाकडे वळलो. 1739च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या मराठी सैन्याने येथेच सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले, आणि त्यातून आत घुसताना असंख्य माणसे पडली. परंतु मला त्या विजयाहून त्याचा शेवट अधिक मोठा वाटतो: शरण आलेल्यांची कत्तल न करता त्यांना कुटुंबकबिल्यासह, लष्करी सन्मानाने बाहेर पडण्याचा कौल दिला गेला. मोहीम इतकी रक्तरंजित झाल्यावरही दिलेला शब्द पाळणे, याला मी खरे राज्यकर्तृत्व समजतो. फिरंग्यांच्या घंटा मात्र देवळोदेवळी गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर 1721 साल आहे, आणि ती वसईच्या विजयाची खूण म्हणूनच सांगितली जाते.

आमचे हे बोलणे ऐकून तारापूरचा मित्र अस्वस्थ झाला. "वसईचं सगळं सांगतात, पण मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर आमच्या तारापूरच्या तटाशी पडले, ते गावातल्या किती मुलांना ठाऊक आहे?" वसईआधी जानेवारीतच माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी एकामागून एक घ्यावी लागली, आणि त्यांत तारापूरचा हल्ला सर्वांत भारी पडला, हे त्याचे म्हणणे खरेच होते. परतीच्या गाडीत ठरले की पुढील रविवारी तारापुरास जमावे, आणि वर्गातील ज्यांना युरोप पाहावयाचा आहे त्या सर्वांस बरोबर घ्यावे.