इंजिनाचा पाणक्या

वारा असेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. वारा पडतो, ओहोटीची ओढ होडीला खडकांकडे नेऊ लागते, तेव्हा शीडवाल्यांना इंजिन आठवतं. आणि इंजिनाची सगळी भिस्त असते मुठीएवढ्या फीड पंपावर. यानमारच्या १जीएम१०सारख्या ३१८ सीसीच्या, एका सिलिंडरच्या लहान इंजिनाच्या अंगाला तो बोल्टांनी चिकटून बसलेला असतो. पोटात एक लवचीक पडदा. कॅम फिरला की पडदा हलतो आणि टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलतो. त्याच्यापुढचा इंजेक्शन पंप शंभराहून जास्त बारचा दाब देतो, म्हणून मान त्याला. याचं काम पाणक्याचं; विहिरीत असेल तेच घागरीत येणार.

हवा आली तर तो हवाही इमानानं पुढे देतो. डिझेल दाबून फारसं आकसत नाही, हवा आकसते. इंजेक्शन पंपात बुडबुडा शिरला की तो नुसता दबतो, नोझल उघडतच नाही. इंजिन आचके देतं, बंद पडतं, आणि शिव्या खातो फीड पंप. हे मला पाहवत नाही, कारण दोष बहुतेक वेळा त्याच्या मागे असतो. टाकीपासून त्याच्यापर्यंतची नळी ओढीची. तिथला सांधा सैल असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत जाते. म्हणून नुसतं फडकं फिरवून गळती सापडत नाही.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर होडी उभी असते. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, तळाशी साचतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. बंदरात तो काळा गाळ निपचित असतो. मांडव्याच्या वाटेवर लाटांनी टाकी ढवळली की सगळा फिल्टरात.

नळीतली हवा काढायलाही फीड पंपच मदतीला येतो. इंजिनावरच्या फिल्टरचा स्क्रू सैल करा आणि पंपाची छोटी दांडी दाबत राहा. आधी फेस येतो, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दांडी पोकळ लागली तरी तो गेला असं समजू नका. कॅम उंचीवर थांबला असेल. क्रँकशाफ्ट एक वेढा फिरवा, जोर परत लागेल.

त्याचा पडदा फाटतोही. तेव्हा डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं, डिपस्टिकवर पातळी चढते. अशा वेळी इंजिन अजिबात चालवू नका, पंप बदला. पण ती खूण नसेल तर त्याला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडून पाहा: सूं करत हवा आत गेली तर टाकीची हवानळी बुजली आहे. मग फिल्टर, मग सांधे. पंपाची पाळी शेवटी.