अब्बांची जाळी

१९९३ साली अब्बांनी सोलापुरात आमच्या गच्चीवर बांबू आणि कोंबड्यांच्या जाळीची दहा फुटी डिश बांधली. केबलवाल्याकडून जुना रिसीव्हर मागून आणला. पडद्यावर मात्र नुसत्या मुंग्या! ‘खुराडा झाला, आता कोंबड्या आणा,’ म्हणत शेजारी हसले. मीही हसले. अब्बांनी मुकाट्याने जाळी उतरवली.

त्यांच्या इंतकालनंतर फुफूंनी सांगितलं, की गुलबर्गा जिल्ह्यात त्यांच्या सासरच्या गावी अब्बांनी अशी डिश चालताना पाहिली होती. ती १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगातली. उपग्रहावरचे कार्यक्रम तेव्हा अशाच जाळ्यांवर सुमारे २४०० खेड्यांत दिसत.

मग मी हिशेब केला. त्या लहरींची लांबी पस्तीस सेंटिमीटर. इंचभर भोकांची जाळी त्यांना सलग पत्र्यासारखीच. आमच्या वेळच्या लहरी साडेसात सेंटिमीटरच्या. त्या भोकांतून निसटत होत्या. बारीक जाळी आणि नेमका बाक साधला असता, तर चित्र उमटलंही असतं.

आता वर्गात कुणाचा प्रयोग फसला आणि मुलं हसली, की मी आधी विचारते, ‘बेटा, हे तुला सुचलं कुठून?’

अब्बांना तेवढं विचारायचं राहून गेलं.